भाड्याच्या घरातला कोसा

शालिकराम गुरुजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. चामोर्शीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, प्रश्न विचारायची सवय मात्र अजून नोकरीतच होती. ते पडवीत खुर्चीवर बसत, समोरच्याला बाकावर बसवत आणि सुरू करत.

प्रेमिला आणि वारलू बाकावर बसले. त्यांची मुलगी आचल उभीच राहिली.

"मासोळी खाता?"

"खातो जी. ढिवर आहो आमी," वारलू म्हणाला.

"इथं शिजवायची नाही."

"नाई शिजवत."

"पोरगी कोणत्या वर्गात?"

"यंदा दहावीत हाये."

"धंदा काय करता? माझ्या घरात धंदा चालत नाही, आधीच सांगून ठेवतो."

वारलूनं प्रेमिलाकडे पाहिलं. तो तलावावर मासे धरायचा, पण घर चालायचं तिच्या हातावर.

"सूत काढतो जी घरीच," प्रेमिला म्हणाली. "कोश्याचं."

गुरुजींचा चेहरा एकदम मऊ झाला. शाळेत त्यांनी कित्येक वर्षं पोरांना टकळीवर सूत काढायला लावलं होतं. "सूत काढणं हा धंदा नव्हे," ते म्हणाले, "तो संस्कार आहे." आणि स्टॅम्पपेपरवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: जागा केवळ राहण्यासाठी.

तिसऱ्या दिवशी अंगणातल्या चुलीवर पातेलं चढलं आणि संस्काराचा वास सुटला.

जंगलात ऐनाच्या झाडावर रेशमाची अळी स्वतःभोवती घर बांधते. राखाडी, कडक, देठासकट फांदीला लटकलेलं, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं. तो कोसा. आतला जीव मारायला तो आधी वाफवावा लागतो, मग सोड्याच्या पाण्यात उकळावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा धागा सुटतो. उकळणाऱ्या कोशांचा वास सुकलेल्या तलावाच्या चिखलासारखा असतो. प्रेमिलाला तो येतच नसे. लहानपणापासून ती त्याच वासात वाढली होती. पाच-सहा कोशांची टोकं एकत्र धरून ती पायानं चालवायच्या मशीनवर चढवायची आणि बोटांमधून मधाच्या रंगाचा धागा सरकत राहायचा, तासन् तास, एकदाही न तुटता. धागा संपला की उरलेले मेलेले किडे वारलू गळाला लावायला घेऊन जायचा. काहीच वाया जात नसे. गुरुजींना तेच जास्त लागलं.

"जीव मारतात हो ते," त्यांनी बायकोला, गुणाबाईंना सांगितलं. "आपल्या अंगणात."

"मंग तुमचं पूजेचं सोवळं काय झाडाले पिकलं होतं? कोश्याचंच हाये ना ते?"

"वस्त्र शुद्ध असतं," गुरुजी म्हणाले. "वस्त्राच्या आधीचं पाहू नये."

घर खाली करा असं मात्र ते म्हणाले नाहीत. प्रेमिला आवाज करत नसे, अंगण झाडून घेत असे, आणि गुणाबाईंचे गुडघे चोळून द्यायला तिच्याइतका हलका हात गल्लीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. गुरुजींनी फक्त नियम घातले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, त्या दिवशी कोसा शिजवायचा नाही. एकादशीला नाही, चतुर्थीला नाही. उरलेल्या दिवसांत वारा नाल्याकडे वाहत असेल तर हरकत नाही.

प्रेमिलानं आठवड्याचे उरलेले तीन दिवस बोटांवर मोजले आणि मान हलवली.

भाद्रपदात नागभीडचा विणकर अतुल धागा पाहायला आला. त्यानं लडी उजेडात धरली, दोन बोटांनी ताणली, नाकाशी नेली.

"दिवाळीपर्यंत अडीच हजार कोश्यांचा असाच धागा देशील तं वर्षभराचं काम देतो," तो म्हणाला. "दुसरं मशीन बी लावून देतो. पण मालात खंड नाई पाहिजे."

वर्षभराचं काम म्हणजे काय, हे त्या घरात फोडून सांगायची गरज नव्हती. दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला मुकादमाची जीप येई आणि प्रेमिला नि वारलू तेलंगणात मिरची तोडायला जात. होळीनंतर परतत. आचल तोपर्यंत कधी मावशीकडे, कधी त्यांच्याबरोबर मिरचीच्या वावरात. यंदा तिची परीक्षा मार्चात होती. काम मिळालं तर जीपला नाही म्हणता येणार होतं. तेवढीच गोष्ट होती, पण प्रेमिला ती मनात धरूनच उठायची आणि धरूनच निजायची.

कोसे वारलूच्या मोठ्या भावाकडून येणार होते. सुकलू जंगलाजवळच्या गावात राहायचा आणि ऐनाच्या झाडांवर अळ्या पाळायचा. अळ्या झाडावर असेपर्यंत तो आणि त्याच्यासोबतची माणसं पायात चप्पल घालत नसत, डोक्याला तेल लावत नसत, दाढी करत नसत, खाटेवर निजत नसत. मासोळीचं नावसुद्धा घेत नसत. अळ्यांना ते 'लेकरं' म्हणत. दोन महिने रात्रंदिवस पाखरांपासून लेकरांची राखण करत आणि मग ती घरात बसली की तोडून विकत. यात काही विसंगती आहे, असं त्यांच्यात कोणाला वाटत नसे. कापायच्या धानालाही माणूस आधी हात जोडतोच.

घट बसायच्या आदल्या दिवशी सुकलूनं तीन पोती एसटीनं पाठवली. पोती अंगणात उतरली तशी गुरुजींची हाक आली.

"प्रेमिला, उद्यापासून घट आहेत. नऊ दिवस चूल पेटणार नाही. देवीच्या घरात हत्या नको."

"गुरुजी, वाफवले नाई तं पाखरू निघते जी. पाखरू निघालं का कोशाले छेद पडते. मंग धागा सलग नाई निघत."

"किती दिवसात निघतं?"

"बांधल्यापासून तीन आठवडे धरा."

"मग झालं. नऊच दिवस मागतो आहे मी."

प्रेमिला आत येऊन हिशेब करत बसली. चार दिवसांपूर्वी तोडलेत, असं सुकलूनं चिठ्ठीत कळवलं होतं. अळीनं घर बांधलं की सहाव्या दिवशी तोडतात, ही बापजाद्यांची रीत. सहा नि चार दहा. वर नऊ, एकोणीस. दसऱ्याच्या पहाटे वाफवले तरी दोन दिवस हाती राहत होते.

"दादाले एकदा विचारून घे," ती वारलूला म्हणाली.

"फोन कुठी लागते त्याचा? तो जंगलात हाये. अन् तोडायची रीत काय बदलते काय?"

त्याचंही खरं होतं. हवा लागावी म्हणून त्यांनी कोसे वारलूच्या जुन्या जाळ्यात भरून मागच्या पडवीत टांगले. पडवीला लागूनच गुरुजींचं देवघर होतं. घटाजवळ अखंड दिवा तेवत होता आणि त्याची उजेडाची पट्टी खिडकीतून जाळ्यांवर पडत होती.

चौथ्या माळेच्या सकाळी गुणाबाईंनी देवघराचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

भिंतीवर पाखरं बसली होती. तळहाताएवढी, बहुतेक हळदीच्या रंगाची, काही मातकट, पंख पसरून निश्चल. प्रत्येक पंखावर एकेक गोल डोळा, काचेसारखा आरपार. घटाच्या वर, देवीच्या तसबिरीभोवती, दिव्याच्या बाजूला. एक थेट माळेवर. मोजली तर चाळीसच्या वर भरली असती, पण तशा वेळी मोजत कोणी नाही.

"अहो," गुणाबाई म्हणाल्या, "इकडे या जरा."

अर्ध्या तासात गल्ली जमली. सगळ्यांच्या पुढे पुनम होती, बचत गटाची अध्यक्ष. तिनं पिवळी साडी नेसली होती, कारण त्या दिवसाचा रंग पिवळा होता. तिनं आधी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या पदराकडे, आणि हात जोडले.

"रंग बी तोच घेऊन आली माय," ती म्हणाली.

त्यानंतर कोणाला शंका राहिली नाही. पाखरांपुढे साखर ठेवली, मग मध, मग केळ्याचे काप. पाखरं कशालाच तोंड लावेनात. कोशातून निघालेल्या पाखराला तोंडच नसतं, ते चार-आठ दिवस जगतं आणि काही न खाता मरतं. पण गल्लीत बातमी पोचली ती अशी, की देवीचा निरंकार उपास आहे.

मागच्या पडवीत कोणी आलं नाही. तिथं प्रेमिला जाळ्यासमोर उभी होती. कोशांच्या टोकांना ओलसर तपकिरी डाग पडले होते आणि डागाच्या मधोमध बोट जाईल एवढं छिद्र. तिनं एक कोसा कानाशी धरून हलवला. रिकामा होता. दुसरा हलवला. आत काहीतरी जड, जिवंत सरकलं. अजून बरेच भरलेले होते. ते आज वाफवले तर वाचणार होते, उद्यापर्यंत नाही.

ती तशीच देवघराकडे गेली. गुरुजी कोशाचं सोवळं नेसून पाटावर बसले होते आणि जमलेल्यांना सांगत होते, की आपल्या घरी चार पिढ्यांपासून घट बसतात.

"गुरुजी, जरा बाहेर येता?"

ते आले. प्रेमिलानं आवाज खाली ठेवला. "ते आमच्या कोशातले पाखरं हायेत जी."

"मला समजत नाही असं वाटतं का तुला? शाळेत फुलपाखराचा धडा मीच शिकवायचो." गुरुजींनी मागे पाहिलं. "पण इतकी वर्षं चामोर्शीत पाखरं आहेत, कोणाच्या घटावर आली का?"

"नाई जी."

"मग?"

"बाकीचे तेवढे वाफवू द्या," ती म्हणाली. "आजचा दिवस. माझं वर्षभराचं काम जाईल."

"आज? लोकं दर्शनाले येऊन राह्यले अन् तू इकडं त्या पाखराहीच्या बहिणी वाफवतं?" घाबरले की गुरुजींची शाळेतली भाषा सुटायची आणि घरची यायची. "कोणी पाहिलं तं काय सांगू मी?"

वारलूनं मग सायकल काढली. दोघांनी भरलेले कोसे चाचपून वेगळे केले आणि दोन पोत्यांत घातले. तलावाच्या पाळीवर मच्छी सोसायटीची शेड होती, तिथं चूल मांडता आली असती. पण फाटकापाशीच पुनम आडवी आली.

"काय हाये वारलूभाऊ पोत्यात?"

वारलूला खोटं बोलता येत नसे. "कोसे," तो म्हणाला.

पुनमनं पोत्याला हात लावला. आतून खरखर ऐकू आली. तिनं तो हात कपाळाला लावला. मागच्या बायकांनीही पोत्याला हात लावून कपाळाला लावले.

"आत अजून निघाच्या हायेत," पुनम म्हणाली. "अन् तुमी घरातून बाहेर काढून राह्यले काय माय-भवानीले? काऊन जी?"

"तिले शिजवतात ते," मागून कोणीतरी म्हणालं.

"आमी पोटासाठी करतो, बाई," प्रेमिला म्हणाली.

"वर्षभर करा ना. कोण नाई म्हणते? नऊ दिवस तं सोडा. तुमच्या पुण्याईनं आली म्हणतो आमी."

पुण्याई ऐकून वारलूनं सायकल वळवली. पोत्यांवर कोणीतरी हळद-कुंकू टाकलं होतं. ती पुन्हा पडवीत ठेवली गेली, या वेळी पाटावर.

दहाच्या सुमाराला सुकलूचा फोन आला. तांदूळ न्यायला तो गावात उतरला होता.

"पोचले ना कोसे?" त्यानं विचारलं.

"पोचले अन् फुटले बी," प्रेमिला म्हणाली. "कवा बांधले होते दादा? खरं सांगा."

"मोठमाय गेली ना," सुकलू म्हणाला. "बायनाबाई. सुतक होतं. दहा दिवस झाडाले हात नाई लावता येत. लेकरं बसली होती, पण तोडणार कसा? दहावं झाल्यावर तोडले."

सहा नि चार दहा नव्हते. सोळा, वर चार, वीस. प्रेमिलाचा हिशेब बरोबर होता, तो फक्त एका मरणानं चुकला होता.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं तं तुमाले लागलं असतं ना सुतक. तुमच्या गुरुजीच्या घरी घट. त्यानं तुमाले बाहेर काढलं असतं. मीच सगळ्या गावाले म्हटलं, वारलूले कोणी कळवू नोका, दसरा होऊ द्या. तुमची खोली वाचवली बावा मी."

फोन ठेवून प्रेमिला जाळ्याशी खाली बसली. वारलूच्या या थोरल्या काकूनं, बायनाबाईनंच तिला मांडीवर धागा वळायला शिकवलं होतं, लग्न होऊन आली तेव्हा. तिच्यासाठी रडायलाही तिला दोन आठवडे उशिरा मुभा मिळाली होती. तिनं डोळे पुसले. मग तिच्या ध्यानात आलं, की सुकलू दादानं जे लपवलं ते आता तिला कळलं आहे. सुतक ऐकल्यापासून लागतं.

वारलू म्हणाला, "आता चूप राह्य. दसरा होऊ दे. दादानं त्याच्यासाठीच तं केलं."

"चूप राह्यलो तं खोली राहते," प्रेमिला म्हणाली. "अन् खोलीत बसून मिरचीच्या जीपची वाट पाहायची काय?"

ती उठून देवघरापर्यंत गेली. या वेळी उंबऱ्याच्या चार पावलं अलीकडेच थांबली.

"काकू," तिनं गुणाबाईंना हाक दिली, "आमाले सुतक पडलं. आत्ताच फोन आला. मोठमाय गेली."

गुणाबाईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. गुरुजी पाटावरून इतके पटकन उठले, की सोवळ्याचा काठ पायात आला.

"कधी गेली?"

"दोन आठवडे झाले. कळलं आत्ता."

गुरुजींनी डोळे मिटून मनातल्या मनात शास्त्र उलटवलं. "म्हणजे आधीचे दिवस शुद्ध," ते म्हणाले. जिवात जीव आल्याचं त्यांना लपवता आलं नाही. "दहा दिवस उलटून कळलं तर तीन दिवसांचं. पण आत्तापासून. आत्ता, या क्षणापासून. प्रेमिला, तुम्ही... म्हणजे, तुमचं सामान घेऊन..."

"जातो जी. तलावावर जातो. अन् कोसे?"

"कोसे कुठून आले?"

"त्याच घरून."

"ते आधी काढ," गुरुजी म्हणाले.

फाटकापाशी गर्दी तशीच होती. पुनमनं हात आडवा करायला उचलला, तेवढ्यात गुरुजींनी पडवीतून हाक दिली. शाळा सुटल्यावर मैदानात द्यायचे तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"जाऊ द्या त्याहीले. सुतक हाये."

बायका दोन्हीकडे सरल्या. ज्या पोत्याला सकाळी हात लावून कपाळी लावले होते, त्याच्यापासून पदर आवरून उभ्या राहिल्या. वारलू सायकल ढकलत मधून निघून गेला, मागून प्रेमिला पातेलं डोक्यावर घेऊन, आचल दप्तर घेऊन. वाट एवढी मोकळी त्या गल्लीत कोणत्या वरातीलाही मिळाली नव्हती.

दुपारी तलावाच्या पाळीवर कोसे वाफवले. भरलेले सतराशे वाचले. वाफवण्याआधी प्रेमिलानं चुलीला हात जोडले. मोठमायसाठी की कोशांसाठी, ते तिनं सांगितलं नाही.

सुतक फिटलं तरी प्रेमिला गुरुजींकडे परतली नाही; शेडमध्ये चूल रोज पेटवता येत होती, म्हणून मशीनही तिनं तिथंच आणलं. दिवाळीआधी अतुल शेडवर आला. सतराशेंचा धागा त्यानं घेतला. छेद पडलेल्या आठशे कोशांतून प्रेमिलानं मांडीवर वळून जाड सूत काढलं होतं, ते त्यानं बराच वेळ हातात फिरवलं.

"हे बी चालते," तो म्हणाला. "पाखरू जिवंत उडून गेल्यावरचं सूत मागतात शहरातले लोकं. पण तुझं मुख्य काम बारीक धाग्याचं. दुसऱ्या मशीनले वीज पाहिजे, अन् चूल रोज पेटली पाहिजे. या शेडीत वीज कुठी हाये? जागा पाहा, मंग वर्षभराचं पक्कं."

कोसा शिजवायला रोज मोकळीक देणारं घर चामोर्शीत नव्हतं. प्रेमिलानं चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी लोकांनी नाक धरूनच उत्तर दिलं.

पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः पाळीवर आले. छत्री बगलेत, हातात नवा स्टॅम्पपेपर. गावोगावची माणसं दर्शनाला येऊन गेली होती. दसऱ्याला पाखरं मेली तेव्हा लोकांनी पंख वहीत ठेवायला नेले होते. आता पुढच्या वर्षी काय, असं लोक रस्त्यात थांबवून विचारत होते. एवढं सगळं गुरुजींनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "गुणाबाईचे गुडघे दुखतात. तुम्ही या परत."

"येतो जी. पण सातही दिवस चूल पेटंल."

"गुरुवार?"

"गुरुवार बी."

"आणि नवरात्र?"

"घट बसाच्या वक्ताले एक टोपली भरून देईन. चौथ्या माळेले निघतील असे."

"तीन पोती होती."

"एक टोपली, गुरुजी."

"पिवळीच आण मग. काही मातकट होती, ती लोकांना तितकीशी..."

"पिवळ्या माद्या असतात जी. मातकट नर. बंद कोशावर लिहून नाई येत."

गुरुजींनी शेडमधल्या बाकावर बसून करार लिहिला. जागा राहण्यासाठी व घरगुती धार्मिक कार्यासाठी. धंदा हा शब्द त्यांनी येऊ दिला नाही. चूल सातही दिवस पेटवण्यास मुभा. आचलनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, प्रेमिलानं सही केली.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मुकादमाची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. वारलू बाहेर जाऊन यंदा येत नाही म्हणून सांगून आला. आत दोन मशीनं चालली होती, आचल खिडकीशी भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती आणि अंगणात पातेलं चढलं होतं. गुरुवार होता. वारा नाल्याकडे नव्हता.

गुरुजींना भेटायला गडचिरोलीहून कोणी ओळखीचे आले होते. ते पडवीत बसले आणि लगेच नाकाला रुमाल लावला.

"कसला वास आहे हो हा, गुरुजी?"

"देवीचं काम चाललंय," गुरुजी म्हणाले, आणि आपली खुर्ची उचलून त्यांनी वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली.